पांढऱ्या चकत्या

वर्गात आले की सर आधी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी वर, एक चौकोन काढायचे. काडेपेटीएवढा. त्यात ‘३५’ लिहायचे आणि मगच आमच्याकडे बघायचे. शिकवता शिकवता पाच मिनिटं सरली की बोलणं न थांबवता अंगठ्याने आकडा पुसायचे आणि ‘३०’ लिहायचे. मग ‘२५’. हातात घड्याळ नव्हतं, वर्गातही नव्हतं. ‘०’ लिहून त्यांनी खडू खाली ठेवला की बाहेर घंटा व्हायची. घंटा देणारे शिपाईकाका शपथेवर सांगायचे, "मी नुसता हातोडा हातात धरतो रे पोरांनो. घंटा कर्कटकच देतात."

कर्कटक हे नाव आम्ही ठेवलेलं नव्हतं. आमच्या आधीच्या कुठल्याशा तुकडीने ते ठेवलं आणि बाकांवरच्या कोरीव नावांसारखं आमच्या वाट्याला आलं. कंपासपेटीतलं दोन टोकदार पायांचं कर्कटक कुणी टेबलावरून चालवलं तर ते जसं चालेल, तसे सर चालायचे. उंच, किडकिडीत, छातीखाली लगेच पाय सुरू. प्रत्येक पाऊल पंचाहत्तर सेंटीमीटरचं. ही अतिशयोक्ती नाही. एकदा ते ओल्या बुटांनी व्हरांड्यातून गेले, तेव्हा आम्ही पट्टी लावून खुणा मोजल्या होत्या.

फळ्याकडे तोंड करून ते कधीच लिहीत नसत. फळ्याला खांदा लावून खेकड्यासारखे तिरपे उभे राहायचे, एक डोळा अक्षरावर आणि एक आमच्यावर. तरी ओळ वाकडी जायची नाही. बाकावर वाकलेल्या मुलाला म्हणायचे, "साठ अंशात आहेस, नव्वदात ये." मागे रेलून पाय पसरलेल्याला, "विशालकोन, आवरा स्वतःला." उत्तर चुकलं तर रागवायचे नाहीत. हातातला खडू मोडायचे, अर्धा चुकणाऱ्याला द्यायचे आणि म्हणायचे, "चूक छान आहे. कुठे झाली ते सावकाश शोध. मी इथेच आहे. कुठे जाणार?"

वर्षातून एकच तास ते आम्हाला बाहेर काढायचे. दोरी, खुंट्या आणि लाकडाचा मोठा कोनमापक घेऊन मैदान मोजायला. त्या दिवशी ते वेगळेच दिसायचे. बाह्या सरसावलेल्या, आवाज मोकळा, आणि पाय असे पडायचे की आम्हाला मागे धावावं लागायचं. कुंपणाशी आले की मात्र थांबायचे. कुंपणापलीकडे टेकडी होती, तिच्यावर एकटं झाड. इथे दोन खुंट्या ठोका, मधलं अंतर मोजा, दोन्ही खुंट्यांवरून झाडाकडे बघून कोन मोजा, की झाड किती लांब आहे ते वहीत निघतं. आमच्या तुकडीतल्या एका आगाऊ मुलाने विचारलं होतं, "सर, त्यापेक्षा चालत जाऊन मोजू या की." सर हसले आणि म्हणाले, "तीच तर गंमत आहे बेट्या. तिथे न जाता कळतं."

मग दोरी गुंडाळून आम्ही परत वर्गात, आणि चौकोनात ‘१०’.

एम. ए. झाल्यावर मी त्याच शाळेत आले. भाषा शिकवणाऱ्या एक बाई लांब रजेवर गेल्या होत्या, त्यांच्या जागी. पहिल्या दिवशी सरांनी मला "या बाई" म्हटलं तेव्हा मला कुठे तोंड लपवू असं झालं. मधल्या सुट्टीत त्यांनी हळूच विचारलं, "त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज?" मी म्हटलं, "एकशे ऐंशी." "बरं. काही वाया गेलं नाही." तेव्हापासून चारचौघांत मी ‘बाई’ आणि दोघंच असलो की ‘पोरी’.

वर्षभर सगळं आपापल्या खिळ्यावर होतं. मार्चमध्ये सरांना पत्र आलं.

शाळेच्या पत्त्यावर येणारं प्रत्येक पाकीट कचेरीतल्या ताई फोडत. ताई म्हणजे शाळेच्या कारकून. पूर्वी याच शाळेत शिकलेल्या, त्रेचाळीसच्या आसपासच्या, तोंडाने तिखट. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं वळत नसत. तरी टंकलेखनाला बसल्या की उरलेल्या बोटांनी सगळ्यांच्या पुढे. पत्र वाचून त्या शिक्षकखोलीत आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "कर्कटकांना मागणी आलीय."

मोजणी खात्याच्या डोंगराकडच्या प्रशिक्षण केंद्राने सरांना बोलावलं होतं. नवीन मोजणीदारांना शिकवायचं. सकाळी दुर्बीण आणि साखळी घेऊन रानात, दुपारी आकडेमोड. सरांनी अर्ज केला होता हे कुणालाच ठाऊक नव्हतं. रुजू व्हायची मुदत पंधरा जून, संध्याकाळी पाच. आणि वयाची अट पंचावन्न. सर ऑगस्टमध्ये पंचावन्न पूर्ण करणार होते. म्हणजे हे दार एकदाच उघडणार होतं, तेही अर्धंच.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही गेलात तर शाळेचा जिनाच कुणी उपटून नेल्यासारखं होईल. पण मी आडवी येणार नाही. गणिताला नवा माणूस मिळेल. फक्त वेळापत्रक लावून द्या आणि ते लावता येणारं माणूस तयार करून द्या. एकही तास रिकामा नको. मग मी सही करते."

ते तयार करायचं माणूस म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. माझं लग्न झालेलं नव्हतं, मूल नव्हतं, म्हणजे मला वेळ आहे, असा तिथला हिशेब.

शाळेचं वेळापत्रक जिन्याखालच्या खोलीत राहायचं. खिडकी नाही, एक दिवा, जुने नकाशे आणि मोडकी स्टुलं. डोक्यावरून मुलं जिना उतरली की ढगांचा गडगडाट झाल्यासारखं व्हायचं आणि दिव्यातून धूळ गळायची. समोरच्या भिंतीवर दरवाजाएवढी लाकडी पाटी. तिच्यावर खिळ्यांच्या रांगा, प्रत्येक तुकडीला आठवड्याचे पंचेचाळीस. आणि खिळ्यांवर पुठ्ठ्याच्या गोल चकत्या. प्रत्येक शिक्षकाचा रंग ठरलेला. विज्ञानाच्या बाई हिरव्या, चित्रकलेचे सर नारिंगी, मी जांभळी. सर स्वतः राखाडी. एकाच उभ्या ओळीत एक रंग दोनदा आला की चूक, कारण एक माणूस एका वेळी दोन वर्गांत नसतो.

"एवढाच नियम," सर म्हणाले. "एक माणूस, एक जागा. बाकी सगळं आपली धडपड."

एप्रिलच्या दुपारी आम्ही तिथे बसायचो. ते मला शिकवत होते. खेळाचा तास जेवणानंतर लगेच नको. प्रयोगशाळा एकच आहे. चित्रकलेच्या सरांचा गुडघा दुखतो, त्यांना लागोपाठ तिसरा मजला नको. विज्ञानाच्या बाईंचं मूल पाळणाघरात असतं, त्यांना शेवटचा तास नको. पाटीवर कुठेही न लिहिलेल्या या गोष्टी त्यांच्या डोक्यात होत्या. सहकारी त्यांच्याशी कधी प्रेमाने बोलले नसतील, पण प्रत्येकाचा गुडघा आणि प्रत्येकाचं पाळणाघर या माणसाने अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं सांभाळलं होतं.

तिसऱ्या दिवशी मला पांढऱ्या चकत्या दिसल्या. आधी दिसल्या नव्हत्या, कारण खडूच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याच्या त्या बिनरंगी चकत्या चुना लावलेल्या पाटीवर जवळजवळ रिकाम्या जागेसारख्या दिसायच्या. मी मोजल्या. अकरा.

"सर, हे पांढरे कोण?"

"ते होऊन जातं."

"म्हणजे?"

"म्हणजे ते तास कुणालाच बसत नाहीत. कितीही फिरवा, अकरा उरतात. ते होऊन जातात."

मी त्यांच्या राखाडी चकत्या मोजल्या. नियमाच्या अठ्ठावीस. अठ्ठावीस आणि अकरा एकोणचाळीस. पंचेचाळीसातले सहा तास उरले. आणि ते सहा तास हा माणूस या खोलीत, या पाटीसमोर बसत होता.

मी म्हटलं, "हे सगळे तुम्हीच घेता."

"कुणीतरी घ्यायला हवेत ना."

"मोठ्या बाईंना माहीत आहे?"

"त्या विचारतात, पांढऱ्यांचं काय? मी सांगतो, होतं ते. आणि होतंच की."

तेव्हा कुठे मला त्यांचा पेच कळला. नवा गणिताचा माणूस राखाडी अठ्ठावीस घेईल, त्याच्यावर एकही नाही. सरांनी इतकी वर्षं शाळेचं छप्पर स्वतःच्या डोक्यावर धरलं होतं आणि खांब आहे असं सगळ्यांना वाटू दिलं होतं. आता त्यांना निघायचं होतं, तर डोकं काढता येईना.

तीन आठवडे ते झुंजले. आमच्या सगळ्यांच्या चकत्या काढून पुन्हा लावल्या. मग पुन्हा. एकीकडे झाकलं की दुसरीकडे उघडं पडायचं. सोमवारचा पाचवा बुजवला की बुधवारचा दुसरा आ वासायचा. आणि का कोण जाणे, फिरून फिरून भोकं आठवी कमध्येच पडायची. एका दुपारी त्यांनी अकराच्या नऊ केल्या आणि लहान मुलासारखे टाळी वाजवून उठले. मग त्यांच्या लक्षात आलं की त्यांनी मला शनिवारी दोन वर्गांत एकदम उभं केलंय. त्यांनी माझी जांभळी चकती काढून तळहातावर ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

मी म्हटलं, "सर, राहू देत ना अकरा रिकामे. मुलांना मोकळा तास किती आवडतो!"

"तुला आठवतो तुझा मोकळा तास?"

मी आठवू लागले. पाच वर्षं मी या शाळेत शिकले होते. आजारी बाई, लग्नाला गेलेले सर, संप, निवडणुकीचं काम. प्रत्येक वेळी दारातून कर्कटक आत आले होते आणि कोपऱ्यात ‘३५’ लिहिलं होतं. आम्ही कपाळाला हात लावायचो.

"नाही आठवत," मी म्हटलं.

"नसणारच," सर म्हणाले, आणि पाटीकडे वळले.

त्या दिवशी मी वैतागून कचेरीत गेले आणि ताईंना सगळं सांगितलं. अकरा चकत्या, पंधरा जून, हा माणूस एक वर्ग अर्धा तास मोकळा सोडायला का तयार नाही. ताई टंकत होत्या त्या थांबल्या. मग डावा हात टेबलावर ठेवला, सपाट, आणि म्हणाल्या, "हा बघ मोकळा तास."

तीस वर्षांपूर्वी ताई आठवी कमध्ये होत्या. सरांच्या नोकरीचं दुसरं वर्ष. ते शाळेत आले होते तेच एका वर्षासाठी. त्यांचे वडील याच शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, ते अंथरुणाला खिळले म्हणून घर चालवायला मुलगा लागला. मनातून त्यांना मोजणी खात्यात जायचं होतं. त्या वर्षी मुलाखत आली. सरांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि आपला तास दुसऱ्या एका सरांना सांगून गेले. ते सर विसरले. आठवी क रिकामी राहिली. मुलांनी रुमालांचा चेंडू बांधला. खिडकीची काच आधीच तडकलेली होती. चेंडू अडवायला एका मुलीने हात वर केला.

"चार वाजता हे आले," ताई म्हणाल्या. "मुलाखत चांगली झाली होती, म्हणून म्हणे शीळ घालत आले होते. शिपाईकाका व्हरांडा धूत होते. मला हे काकांनी सांगितलं, मी तर दवाखान्यात होते. पुढे नेमणुकीचं पत्र आलं. ते गेले नाहीत. आणि पुढच्या जूनला मुख्याध्यापकांकडे जाऊन वेळापत्रकाचं काम मागून घेतलं. मागून! हे काम कुणी मागतं का?"

त्यांनी यंत्रातला कागद ओढून काढला. "उद्या मला त्या बिळात यायचंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा सर स्टुलावर बसले होते. ताईंना बघून उठले, कारण ताई त्या खोलीत कधी आल्या नव्हत्या.

ताई म्हणाल्या, "सर, हात बघा."

सर पाटीकडे बघत राहिले.

"तीस वर्षांत तुम्ही एकदाही या हाताकडे बघितलेलं नाही. मी कागद दिला की तुम्ही कागद बघता. चहा दिला की कप बघता. अहो, मी याच हाताने टंकते, पोळपाटावर लाटते, दोन पोरांच्या पाठीत धपाटे घातलेत. मला ही बोटं आड येत नाहीत. तुम्हालाच येतात."

"तसं नाही ताई."

"तसंच आहे. मी तुम्हाला कधी काही बोलले? माझी आई बोलली? मग कुणाची फेड करताय? आणि किती वर्षं? एखाद्याला जन्मठेप झाली असती तरी तो एव्हाना घरी आला असता!"

डोक्यावरून एक वर्ग जिना उतरला. दिव्यातून धूळ गळली.

मग ताईंनी उजवी मूठ उघडून टेबलावर चकत्या ओतल्या. निळ्या शाईने रंगवलेल्या अकरा. "पाच मी बसते. पोरं सांभाळायला बी. एड. लागत नाही. तीन हिच्या. दोन ग्रंथालयाच्या बाईंच्या, त्यांना मी पटवलंय. आणि एक शिपाईकाकांची."

"काका काय शिकवणार?" सरांनी विचारलं.

"घंटा," ताई म्हणाल्या. "तुम्ही नसताना ती कधी द्यायची ते तरी शिकतील."

सर हसले. त्या खोलीत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. त्यांनी एकेक पांढरी चकती काढली आणि तिथे निळी अडकवली. अकरावी लावताना मात्र खिळ्याशी हात जरा घुटमळला. आठवी क, दुसरा तास.

मोठ्या बाईंनी निळ्या चकत्यांकडे बघून भुवया उंचावल्या, ‘नियमात बसतं का’ असं पुटपुटल्या, आणि सही केली.

पंधरा जूनला शाळा सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. बाराची गाडी पकडली तरच पाचच्या आत केंद्रावर पोचता येणार होतं. काकू, म्हणजे सरांच्या बायको, सामान घेऊन आधीच स्टँडवर जाऊन बसल्या होत्या. त्यांनी सरांना जाड तळव्याचे कापडी बूट घेतले होते, रानात चालायला. साडेअकराला सर तेच बूट घालून जिन्याखालच्या खोलीची किल्ली द्यायला शाळेत आले. रोजचे काळे बूट नाहीत म्हणून मुलं वळून वळून बघत होती. बुटांचा आवाज होत नव्हता. किल्ली माझ्या हातावर ठेवून ते म्हणाले, "दिव्याचं बटण उलटं आहे. खाली केलं की लागतो."

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला निघाले. व्हरांड्याने आम्ही जात होतो आणि दुसरा तास सुरू झाल्याची घंटा झाली. डाव्या हाताला आठवी क. सगळं ठीक होतं. ताई खुर्चीवर बसल्या होत्या, पोरं काहीतरी वाचत होती, खिडक्यांना कधीच जाळ्या बसल्या होत्या. सर दाराशी थांबले. नुसते थांबले. आणि त्यांना बघून सगळा वर्ग उभा राहिला.

ताईंनी मान वळवली. "सर, मी आहे ना इथे."

"हो, हो. मी फक्त..."

आणि ते आत गेले.

मी दारात होते. फळ्याला खांदा लावून ते तिरपे उभे राहिले, खिशात हात घातला. जायच्या दिवशीही त्यांच्या खिशात खडू होता. कोपऱ्यात चौकोन काढला. ‘३५’.

ताई उठल्या नाहीत. डावा हात मांडीवर ठेवून तिथेच बसून राहिल्या. मी बाहेरून एकदा हाक मारली, "सर, गाडी." त्यांनी मान हलवली, जणू काही विद्यार्थ्याने बरोबर उत्तर दिलं होतं, आणि अपूर्णांक शिकवू लागले. ‘३०’. ‘२५’. मी तिथून हलले असते, मोठ्या बाईंना बोलावलं असतं, काही केलं असतं, तर? हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. पण तेव्हा मीही नव्वद अंशात उभी होते. चौकोनात ‘१५’ लिहिलं तेव्हा स्टँडवरून गाडी सुटली असणार.

साडेबाराला काकू पिशवी आणि ट्रंक रिक्षातून घेऊन फाटकाशी आल्या. शिपाईकाका धावत गेले. काकू म्हणाल्या, "गाडी अगदी वेळेवर सुटली हो. आपलंच माणूस तेवढं राहिलं." मग सरांच्या पायांकडे बघून, "बूट तरी मैदानावर उपयोगी पडतील." रागाचा शब्द नाही. त्यांनी ट्रंकेचं दुसरं कडं पुढे केलं आणि सरांनी ते धरलं.

दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत सर्वांनी हळहळ केली. घड्याळ नसलं की असं होतं, बोलता बोलता वेळ चुकते, वगैरे. ताई दारातून म्हणाल्या, "त्यांची वेळ चुकली? त्यांची?" आणि कागद घेऊन निघून गेल्या. आठवडाभर त्या सरांशी बोलल्या नाहीत. नवा गणिताचा माणूस रुजू झालाच नव्हता, मोठ्या बाईंनी त्या जागेसाठी केलेला अर्ज मागे घेतला. पुढच्या सोमवारी मी जिन्याखाली गेले तर पाटीवर राखाडी अठ्ठावीस परत आल्या होत्या. निळ्या चकत्या दोऱ्यात ओवून नकाशांच्या खुंटीला टांगल्या होत्या, आणि अकरा खिळ्यांवर पांढऱ्या.

किल्ली मात्र त्यांनी माझ्याकडून परत मागितली नाही. मी आत गेले की दिवा लावलेला असायचा. म्हणजे त्यांच्याकडे दुसरी होती.

त्यानंतर वर्षभराने मी ती शाळा सोडली. राजीनामा द्यायला गेले तो शनिवार होता. सर वर्गात होते. मी दाराशी जाऊन थांबले, कोपऱ्यात ‘१५’ दिसलं, आणि मी मागे फिरले. कागदांवर सह्या घेतल्या, ताईंना भेटले आणि गेले. निवृत्तीला वर्ष उरलं असताना, गेल्या मार्चमध्ये सर वारले. सकाळी शाळेला निघताना बुटाचे बंद बांधायला वाकले ते उठलेच नाहीत. मला हे ताईंनी फोनवर सांगितलं. म्हणाल्या, "पहिला तास राखाडी होता, दुसरा पांढरा. पांढऱ्यावर मी बसले. गप्प बसली होती गं पोरं. काही झालं नाही. कुणालाच काही झालं नाही."

म्हणजे त्यांचं माझं शेवटचं बोलणं झालं ते राजीनाम्याच्या आधीच्या आठवड्यात. मला एका कॉलेजातून मुलाखतीला बोलावलं होतं, गुरुवारी दोन वाजता, आणि माझा पाचवा तास त्याच वेळी. आठवी क. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. नाही म्हणून कळवावं असंच मनात चाललं होतं. पण पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं होतं आणि पाकिटं ताई फोडायच्या.

गुरुवारी मधल्या सुट्टीत जिन्याखाली गेले तर सर पाटीसमोर उभे होते. त्यांच्या पायांत तेच कापडी बूट, आता झिजलेले. माझी जांभळी चकती त्यांनी पाचव्या तासाच्या खिळ्यावरून काढली, माझ्या हातात दिली आणि तिथे पांढरी अडकवली.

मी म्हटलं, "सर, नको. मी आधीच नाही म्हणून कळवते आहे."

"अगं, जा. गाडी सव्वाची आहे."

"पण वर्ग..."

वरून पोरं जिना उतरत होती. त्यांनी दिव्याखाली साचलेली धूळ बाहीने पुसली आणि खिशात खडू आहे ना ते चाचपून बघितलं.

"आठवी कवर मी बसतो. आणि परत यायची घाई करू नकोस, सहावाही मीच घेतो."